विद्यापीठ स्टेशनावर कोणी उतरत नाही

२ जुलै २००७
रूळ आले. विद्यापीठाकडून टाकत आणलेल्या लाईनीचे शेवटचे, दर्यापुरात, माझ्या डोळ्यांदेखत, ट्रकमधून उतरवले.

या मुलखात बोललेली गोष्ट होत नाही, या एका भरवशावर मी पन्नाशी गाठली. धरण होणार म्हणाले, झालं नाही. सूतगिरणी होणार म्हणाले, तिची पाटी तेवढी लागली आणि एका पावसाळ्यात पाटीही गेली. त्याच भरवशावर मागच्या उन्हाळ्यात दुकानासमोरच्या बाकावर चारचौघांत बोलून बसलो, "ज्या दिवशी रेल्वे विद्यापीठाच्या फाटकात उभी राहीन, त्या दिवशी गजालाले शिकाले पाठवतो. इनायतुल्लाची जबान हाय." सगळे हसले. मीही हसलो. गजाला, माझी पोरगी, आत काउंटरवर पंपांचे वायसर निवडत होती. ती हसली नाही. तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

विद्यापीठ अमरावतीच्या अलीकडे, माळावर. एसटी फाट्यावर सोडते, पुढं तुमचं नशीब. काळीपिवळी जीप दारापर्यंत जाते, पण तिच्यात माणसं अशी कोंबतात की आपल्या मांडीवर कोण बसलं होतं हे उतरल्यावर कळतं. तिथं माझी पोरगी बसणार नाही. वसतिगृहाचं तर नावच काढायचं नाही. राहिली रेल्वे. आणि रेल्वे कुठं होती?

पॅकेजात होती. इकडं लोकांनी कापसाला भाव मागितला. समित्या आल्या, जिपा भरून फिरल्या, गेल्या, आणि पॅकेज निघालं. त्यात कोण्या शहाण्यानं दर्यापूर-अमरावती अशी हलकी रेल्वे घुसडली. आमचं दुखणं एक, औषध दुसरं, हे नवीन नाही. नवीन हे, की औषध खरंच आलं.

संध्याकाळी रामराव बाकावर आला. रामराव माझा जुना दोस्त. शेतात कमी आणि माझ्या बाकावर जास्त असतो. आतापर्यंत तीन समित्यांनी त्याचा फोटो काढला. तिसरीनं सांगितलं, जरा हसू नका.

"काय इनायतभाऊ, रूळ पाह्यले का?"

"रूळ म्हणजे गाडी नाई."

"गाडी बी येते म्हन्ते."

"धरन बी येते म्हन्त होते."

"धरनावर तू जबान नोती देल्ली," रामराव म्हणाला, आणि चहा मागवला. माझ्याच नावावर.

९ जुलै
गाडी आली. दोन डब्यांची, निळी, तोंडाकडून एसटीसारखी, बुडाकडून रेल्वेसारखी. गावानं तिचं नाव "डबा" ठेवलं. चालवणारा भगवंत, आमच्याच गावचा, आधी एसटीवर ड्रायव्हर होता. वऱ्हाड लाईट रेल नावाच्या कंपनीनं त्याला तीन आठवडे शिकवलं आणि रुळावर सोडलं. वळवायचं काही नसल्यामुळे काम सोपं आहे म्हणतो.

मी नईमाला म्हणालो, "ट्रायल हाय. ट्रायल म्हणजे अजून काई नाई." नईमा माझी बायको. बोलते कमी, आणि जे बोलते ते पोळी लाटता लाटता बोलते, म्हणजे समोरच्याला तिचा चेहरा दिसत नाही.

"बरं," म्हणाली.

१२ जुलै
खुंटीवर एक बॅग दिसली. निळ्या कापडाची, चेन लावलेली, आत कप्पे.

"हे कधी शिवली?"

"परसाल," नईमा म्हणाली.

"परसाल तं रेल्वे नोती."

"कपडा होता."

मग जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं की बी.एस्सी.ला नावही लागलं आहे, जूनमध्येच. रामरावची पोरगी आकांक्षा तिथं वसतिगृहात राहते, दुसऱ्या वर्षाला आहे, तिनं सगळं पाहिलं. मला कोणी विचारलं नाही, कारण मी जबान दिलेली होती. म्हणजे या घरात माझ्या शब्दाला एवढी किंमत आहे की पुन्हा मला विचारायची गरज पडत नाही.

गजालाला म्हणालो, "अन् दुकान?"

"तुमीच तं म्हन्ता, अब्बा, का मी दुकानात नुसती बसून राह्यते."

म्हणतो. खरंच म्हणतो. माझं दुकान फवारणीच्या पंपांच्या दुरुस्तीचं. बारावीनंतर वर्षभर ती काउंटरवर बसली. पंप खोलणं, नोझल बदलणं, डब्यावरचं बारीक वाचून शेतकऱ्याला सांगणं, एवढंच करते. त्यात काही विशेष नाही. बाकी सगळं मी पाहतो.

१६ जुलै
उद्घाटन झालं. अमरावतीहून पाहुणे आले, नारळ फुटला, रामरावला पहिल्या रांगेत बसवलं आणि फोटो काढताना पुन्हा हसू नका म्हणाले. तो म्हणे, "आता तं रेल्वे आली, साहेब, आता तं हसू द्या."

पहिल्या गाडीत मी आणि गजाला. तिनं खिडकी घेतली. वाटेत मी तिला बाहेरचं दाखवत होतो, ती बाहेरच पाहत होती, तरी दाखवत होतो.

विद्यापीठ स्टेशन म्हणजे असं. पुढं अमरावतीपर्यंतची लाईन अजून कागदावरच, म्हणून गाडी इथूनच परत फिरते. एक लांब फलाट. एक पाटी. एक बाक, तोही उन्हात. समोर विद्यापीठाचं मोठं फाटक, आणि फाटकातून वर्गांपर्यंत जायला माळातून एवढा रस्ता की पोहोचेपर्यंत पोरं शिकलेलं विसरावीत. गंमत अशी की गाडी त्याआधी विज्ञान विभागाच्या अगदी मागून जाते. तिथं तारेचं कुंपण, कुंपणात माणूस जाईल एवढी फट, फटीपाशी कडुनिंब. तिथं वर्ग हाताला लागतो. पण स्टेशन तिथं नाही. कंपनीला फाटक पाहिजे होतं, फोटोत छान दिसतं.

मी गजालाला म्हणालो, "हे काई खरं फाटकात उभं राह्यनं नाई."

"अब्बा, पाटीवर लिहेल हाय."

"पाटीचं काय सांगते मले. सूतगिरणीची बी पाटी होती."

ती फलाटावर उतरली आणि चालायला लागली. मग मागं वळून म्हणाली, "येता का? का तुमची जबान इथंच उतरते?"

अशी जीभ. कोणावर गेली आहे कोण जाणे.

१८ जुलै
आज ती एकटी गेली. मी फक्त भगवंतला भेटायला स्टेशनावर गेलो होतो.

"भगवंत, पोरीले स्टेशनावर नको उतरवू. तिथं कुत्रं बी नसते. अलीकडं कडुनिंब हाय, तिथं उतरव. समोरच तिचा वर्ग."

"चाचा, तिथं थांबा नाई. कंपनीनं देल्लेल्या कागदात नाई."

"एसटीत कागद पाहून थांबवत होता का रे?"

"नाई. हात दाखवला का थांबवत होतो."

"मंग?"

भगवंतानं विचार केला. चांगला माणूस आहे, कोणाला नाही म्हणत नाही. तेवढाच एक दोष. "ठीक हाय," म्हणाला. "पन पायरीवरून उडी माराव लागन."

"तिले येते."

ती संध्याकाळी परत आली तेव्हा मी स्टेशनावर होतो. गाडी वेळ पाळते की नाही हे कोणीतरी पाहायला पाहिजे.

४ ऑगस्ट
मी कंपनीला लिहिलं होतं की फलाटावर सावली नाही. मनात असं, की हे लोक काही करणार नाहीत, आणि बायाबापड्यांसाठी स्टेशन योग्य नाही हे आपोआप सिद्ध होईल. पाच दिवसांत शेड उभं राहिलं.

मग पाण्याचं लिहिलं. टाकी बसली.

मग पंख्याचं लिहिलं. उघड्या फलाटाला पंखा मागणं हा शुद्ध मूर्खपणा, म्हणून मुद्दाम मागितला. पंखा लागला. दोन लागले.

ही कसली कंपनी आहे? वीस वर्षं मी रस्त्यातल्या खड्ड्यासाठी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवतो आहे, खड्डा अजून शाबूत आहे. इथं तोंड उघडायची सोय नाही.

आज कंपनीचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, संपूर्ण लाईनीवर लेखी सूचना करणारे तुम्ही एकटेच जागरूक नागरिक आहात. प्रवासी संघ स्थापन करायचा आहे, तुम्ही अध्यक्ष व्हा. रामरावनं माझ्याआधी हो म्हटलं.

नईमाला सांगितलं. ती पोळी लाटत होती. "चांगलं झालं," म्हणाली. "आता रोज स्टेशनावर जायाले कारन झालं."

काय बोलते, काही कळत नाही.

२१ ऑगस्ट
गिऱ्हाईकांना आजकाल नवी खोड लागली आहे. दुकानात येतात, मला पाहतात, आणि माझ्या मागं पाहतात. "पोरगी नाई का?"

"मी हाय ना."

"हाय ना, चाचा. पन थे असती तं बरं होतं."

आज बाळापूरकडचा एक शेतकरी औषधाचा डबा घेऊन आला. सोयाबीनवर मारायचं, दुसऱ्या औषधात मिसळू का, विचारत होता. डब्यावरची अक्षरं हल्ली फार बारीक छापतात. कंपन्यांना कागद वाचवायचा असतो. मी म्हणालो, मिसळा, सगळे मिसळतात. संध्याकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या गजालाला सहज सांगितलं. ती तिथंच थांबली.

"कोन्ता डबा होता? पिवळा का हिरवा?"

"हिरवा."

"अब्बा, थे दोन मिसळले का पीक जळते. लिहेल असते त्याच्यावर."

मग आम्ही दोघं थेट स्टँडवर गेलो. त्याची जीप भरायची राहिली होती, म्हणून तो सापडला. जीप भरेपर्यंत निघत नाही हा तिचा एक गुण मानला पाहिजे.

परतताना मीच म्हणालो, अक्षरं बारीक छापतात. ती म्हणाली, हो.

२० सप्टेंबर
रमजान सुरू आहे. डबा दर्यापुरात पोहोचतो आणि पाचेक मिनिटांत मगरीबची अजान होते. घरी येईपर्यंत पोरीचा रोजा तसाच. हे कंपनीच्या वेळापत्रकात बसत नाही, म्हणून मी खिशात खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन फलाटावर थांबतो. भगवंतालाही एक खजूर देतो. तो हिंदू आहे, पण म्हणतो, भूक तर मलाही लागते.

फलाटावर बसून ती दिवसभर काय झालं ते सांगते. किड्यांचे पाय, त्यांची तोंडं. कापसावरच्या अळीचं तोंड कसं असतं ते मला आता माहीत आहे. मला काय करायचं आहे त्याचं? पण ऐकावं लागतं. घरी आल्यावर तेच नईमाला सांगते, तिथंही ऐकतो.

२६ नोव्हेंबर
अध्यक्ष म्हणून विद्यापीठ स्टेशनाची पाहणी करायला गेलो. दुपारच्या गाडीनं.

गाडी भरलेली होती. कडुनिंबापाशी थांबली आणि पाहता पाहता रिकामी झाली. पोरं, पोरी, दोन प्राध्यापक, धोतर सावरत एक म्हातारा शिपाई, सगळे पायरीवरून उड्या मारून कुंपणाच्या फटीतून आत. कडुनिंबाखाली सुंदराबाई नावाच्या बाईनं चहा आणि आलुबोंड्याचं दुकान मांडलेलं. तिनं मला विचारलं, "तुमी अध्यक्ष ना? तुमच्याच पोरीपासून हे सुरू झालं म्हन्ते. लई पुन्याचं काम केलं."

गाडीत उरलो मी एकटा. स्टेशनावर उतरलो. शेड, टाकी, दोन पंखे फिरत असलेले. बाकावर सावली. माणूस नाही.

खरं सांगायचं तर अभिमान वाटला. एवढी मोठी कंपनी, इंजिनियर, नकाशे, आणि थांबा कुठं पाहिजे हे कळलं कोणाला, तर दर्यापूरच्या पंपवाल्याला.

१२ डिसेंबर
कंपनीचा इन्स्पेक्टर आठवडाभर विद्यापीठ स्टेशनावर खुर्ची टाकून बसला होता. कितीजण उतरतात ते पाहायला. आज माझ्याकडे आला, अध्यक्ष म्हणून कळवायला.

"एकही प्रवासी नाही," म्हणाला.

"गाडी तं भरून जाते, साहेब."

"स्टेशनावर रिकामी येते. मी स्वतः पाहिलं. ड्रायव्हर एकटा."

"आधी उतरतात. कडुनिंबापाशी."

"तिथं थांबा नाही."

"थांबा नाई, पन थांबते ना."

"जिथं थांबा नाही तिथं गाडी थांबत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. वाईट माणूस नव्हता. खुर्चीवरून कडुनिंब दिसत नाही, मधे विभागाची इमारत येते, आणि त्याला खुर्ची सोडायचा हुकूम नव्हता. ही लाईन विद्यापीठाच्या भरवशावर मंजूर झालेली. तिथंच प्रवासी नसेल तर चालवायची कोणासाठी? जानेवारीत पुन्हा एकदा पाहतील. तेव्हाही कोणी उतरलं नाही तर एक फेब्रुवारीपासून गाडी बंद.

मी म्हणालो, मग थांबा कडुनिंबापाशी न्या. तो म्हणाला, शेड, टाकी आणि दोन पंखे स्टेशनावर बसवलेत. तुमच्याच सूचनेवरून.

१३ डिसेंबर
शांतपणे विचार केला. गाडी बंद झाली तर माझी जबान सुटते. गाडी फाटकात उभी राहते तोवरचीच बोली होती. पोरगी दुकानात येईल, गिऱ्हाईकं माझ्या मागं पाहणार नाहीत, औषधाचे डबे वाचले जातील. मला काहीही करायचं नाही, फक्त गप्प बसायचं. आणि हे मला वर्षभर पाहिजेच होतं.

नईमाला म्हणालो. ती म्हणाली, "बरंच झालं मंग. पोरगी घरी येईन."

"हो."

"तुमच्या मनासारखं होईन."

"हो ना."

"मंग तोंड काहून असं करून राह्यले?"

मी म्हणालो, तोंडाला काय झालं. भाजीत मीठ नव्हतं. तिनं भाजी चाखली आणि मला आणखी वाढली.

गजाला घरात नसल्यासारखी वागत होती. आपल्या किड्यांच्या चित्रांत डोकं घालून बसलेली. एकदाच विचारलं, "अब्बा, भगवंतचाचाची नोकरी जाईन का?"

स्वतःचं नाही विचारलं.

३ जानेवारी २००८
काल भगवंतला गाठलं. मी अध्यक्ष आहे, माझ्या कारकिर्दीत गाडी बंद पडली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न आहे. दुसरं काही नाही.

"भगवंत, नऊ तारखेले इन्स्पेक्टर येऊन राह्यला. त्या दिवशी कडुनिंबापाशी थांबवू नको. सगळ्याइले स्टेशनावर ने."

"चाचा, लोक दारात उभे राह्यतात, हात दाखवतात."

"दाखवू दे."

"हात दाखवल्यावर मी कसा नाई थांबू?" त्याचा चेहरा खरंच उतरला. "एकवीस वर्षं एसटीत कोनाले सोडून नाई गेलो."

"एक दिवस, भगवंत."

"पाह्यतो," म्हणाला. वऱ्हाडात "पाह्यतो" म्हणजे काय ते मला माहीत होतं. तरी मी समाधान करून घेतलं.

मग आज डब्यात फिरून एकेका पोराला सांगितलं. नऊ तारखेला स्टेशनावर उतरा. सगळे हो म्हणाले. प्रोफेसर म्हणाले, "अवश्य, अवश्य." शिपाई म्हणाला, "तुमी म्हन्ता तं उतरतो." रामराव म्हणाला, मी पण येतो, तेवढीच एक मुंडी. सुंदराबाईला सांगितलं की एक दिवस दुकान फाटकात लाव. ती म्हणाली, चूल उचलून? बरं.

९ जानेवारी
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

मी सकाळपासून स्टेशनावर, इन्स्पेक्टरच्या खुर्चीशेजारी. इस्त्रीचा कुर्ता. सुंदराबाई आली नव्हती. कॉलेजची गाडी वेळेवर दिसली. कडुनिंबाच्या अलीकडे शिट्टी वाजली, मग गाडी इमारतीमागं गेली. आणि तिथंच राहिली.

मला कळलं. इन्स्पेक्टरला कळलं नाही, तो घड्याळ पाहत होता.

नंतर सगळ्यांनी सांगितलं ते असं. कडुनिंबापाशी सवयीनं एकानं हात दाखवला. भगवंतानं सवयीनं ब्रेक दाबला. उतरायचं नाही हे सगळ्यांना आठवत होतं, पण प्रोफेसरांचा तास होता, त्यांनी एकट्यानंच उडी मारली. एक गेला म्हणून दुसरा गेला. उरलेल्यांना वाटलं, बाकीचे आहेत ना स्टेशनावर उतरायला. रामरावला विचारलं, तू कसा उतरलास? म्हणाला, "सुंदराबाईची चूल पेटली होती, भाऊ. म्हटलं, चहा घेऊन चालत येतो." आला चालत. वीस मिनिटांनी.

गाडी स्टेशनात आली. भगवंत माझ्याकडे पाहत नव्हता. दोन्ही डबे रिकामे. मग मागच्या डब्याच्या दारात गजाला दिसली. निळी बॅग खांद्याला. पायरीवरून नीट, सावकाश फलाटावर उतरली, जशी बाई स्टेशनावर उतरते तशी. इन्स्पेक्टरसमोरून गेली, मला म्हणाली, "सलाम, अब्बा," आणि फाटकातून त्या लांब रस्त्याला लागली. वर्गाला उशीर झालाच असणार.

इन्स्पेक्टर म्हणाला, "एक."

मग म्हणाला, "कोण होती ही?"

मी म्हणालो, "प्रवासी."

१ फेब्रुवारी
गाडी बंद. भगवंतला कंपनीनं दुसरीकडे हलवलं नाही, घरी पाठवलं. तो जीप चालवणार म्हणतो. कडुनिंबाचा राग मी त्याच्यावर धरू शकत नाही. तो थांबा मीच सुरू केला होता, त्याला शिकवलाही मीच होता.

७ फेब्रुवारी
गजाला दुकानात येते. वेळेवर येते, पंप खोलते, डबे वाचते, गिऱ्हाईकं खूश. मी सांगतो ते सगळं करते. "वायसर दे" म्हटलं की वायसर देते.

उलटून बोलत नाही.

आज मी मुद्दाम म्हणालो, पंपाला दट्ट्या उलटा बसवायचा असतो. ती म्हणाली, "ठीक हाय, अब्बा," आणि उलटा बसवला. पंप चालला नाही, तेव्हाही काही म्हणाली नाही. अशी पोरगी असण्यापेक्षा दुकानात कोणी नसलेलं बरं. चहाला चव नाही. रामरावसुद्धा लवकर उठून जातो.

संध्याकाळी सवयीनं स्टेशनाकडे चाललो होतो. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं.

१२ फेब्रुवारी
आज बाकावर बसल्या बसल्या मी काय बोललो होतो ते नीट आठवून पाहिलं. ज्या दिवशी रेल्वे विद्यापीठाच्या फाटकात उभी राहील, त्या दिवशी पाठवतो. बस, एवढंच. रेल्वे उभी राहिली, मी पाठवलं, जबान पुरी झाली. गाडी बंद पडली तर पोरीला परत आणीन, हे मी बोललोच नव्हतो.

रामरावला विचारलं. "मी असं बोललो होतो का?"

"नाई बा."

"पक्कं?"

"तूच तं बोलला. आमी काय बोलनार."

घरी आलो, नईमाला विचारलं. "नाई," म्हणाली. आणि पोळी लाटत राहिली.

"मंग दोन महिने कोनी सांगितलं काहून नाई मले?"

या वेळी तिनं लाटणं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमाले सांगून काई होते का?" म्हणाली. "तुमी आपल्यानं पोचता. उशिरा पोचता, पन पोचता."

हे कौतुक होतं की टोमणा, ते अजून ठरवतो आहे.

१३ फेब्रुवारी
दुकानाला कुलूप. सकाळी गजालाला म्हणालो, बॅग घे. तिनं का म्हणून विचारलं नाही, बॅग भरलेलीच होती.

स्टँडवर भगवंतची काळीपिवळी. माणसं इतकी की आत हवा विचारून येत होती. गजालाला खिडकी मिळाली, तिच्या बाजूला मी भिंतीसारखा बसलो. माझ्या मांडीवर कोणीतरी होतं. वाटभर मी त्याला शिव्या दिल्या, मनात. उतरल्यावर कळलं, रामराव होता.

विद्यापीठ जवळ आलं तसा भगवंत म्हणाला, "कडुनिंबापाशी ना? रस्ता तिकडून बी जाते."

"स्टेशनावर घे."

"तिथं कोनी उतरत नाई, चाचा."

"म्हनूनच घे."

गजाला हसली. खिडकीकडे तोंड करून, पण हसली. "अब्बा, तिथून लई चालाव लागते."

"चालाचं. डिग्री काय कुंपनाच्या फटीतून आनाची हाय का?"

"सहा महिने तुमीच तं फटीतून पाठवलं मले."

आली जीभ परत.

जीप फाटकासमोर थांबली. रुळांवर गवत यायला लागलं आहे, पण पाटी आहे, शेड आहे, टाकीत पाणी आहे. दोन्ही पंखे फिरत होते, बंद करायला कोणाला सांगितलंच नसणार. ते आता लिहावं लागेल. आम्ही उतरलो. भगवंत एका फेरीत दोनदा थांबणार नव्हता, म्हणून बाकीची पोरंही कुरकुरत तिथंच उतरली. मग मागून दुसरी जीप आली, पहिली थांबली म्हणून तीही थांबली, तिच्यातलीही उतरली. फलाटाच्या सावलीत एवढी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. मोजायला कोणी नव्हतं.

गजाला फाटकाशी पोहोचली, मग वळली. "अब्बा, संध्याकाळी याल का घ्यायले?"

"येतो ना. अध्यक्ष हाय मी."

"गाडी बंद झाली. कायचे अध्यक्ष?"

"स्टेशन तं हाय," मी म्हणालो, आणि बाकावर बसलो.